मोजमाप कोणी केले

२ जुलै २०१८, सोमवार. नांदेड

अंक सापडला. लातूरहून आलेल्या दुसऱ्या खोक्यात, वरून तिसरा. ‘भूवेध’, जानेवारी १९९६. पान अकरा ते एकोणतीस — ‘भूकंपानंतर विहिरींच्या पाणीपातळीत झालेले बदल : औसा तालुक्यातील बारा विहिरींची नोंद’. लेखक : प्रा. भीमाशंकर खानापुरे.

एकच नाव. माहीत होतं, तरी शेवटचं पान उलटून पाहिलं. ऋणनिर्देशात प्राचार्य आहेत, विभागप्रमुख आहेत, संस्थेचे अध्यक्ष आहेत, नकाशा काढून देणारे चित्रकलेचे शिक्षक आहेत. शेवटी ‘आणि इतर सर्व ज्ञात-अज्ञात’.

त्या बारा विहिरी दोन वर्षं दर रविवारी सायकलवर जाऊन माझ्या अब्बांनी मोजल्या. अब्बा अज्ञातांत आहेत.

अंकाला नोंद क्रमांक दिला — २३१. मग जेवायला गेले.

५ जुलै

शिवगंगा मॅडम आज नव्या संपादकांना ‘संचिका’ समजावून सांगत होत्या. मॅडम आमच्या प्रमुख. मूळच्या उदगीरच्या, इथल्या कॉलेजात ग्रंथपाल. त्यांचं ठरलेलं वाक्य — “आजवर प्रत्येक कॉलेज आपापली संशोधनपत्रिका छापायचं. दोनशे प्रती, त्यातल्या दीडशे स्वतःच्याच कपाटात.” आता नांदेड-लातूरच्या चौदा कॉलेजांच्या चौदा पत्रिका एकाच संकेतस्थळावर, शोधपेटीही एकच. एक शब्द टाकला की चौदा कपाटं एकदम उघडतात.

हदगावच्या संपादकांनी विचारलं, “मॅडम, आमच्या अंकाला इम्पॅक्ट फॅक्टर कधी लागंल?” इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे लेखांचे इतर संशोधक किती हवाले देतात त्याचा आकडा; त्यांनी विचारलं सोयाबीनला शेंगा कधी लागतील असं विचारावं तसं. मॅडम म्हणाल्या, “आधी वाचक लागू द्या, सर.”

माझं काम जुने अंक स्कॅन करणं, मजकूर चढवणं, संकेतस्थळ चालू ठेवणं. समितीनं नियम केला की तो कोडमध्ये बसवणं हेही माझंच. ‘भूवेध’शी माझा काय संबंध हे इथं कुणाला ठाऊक नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

८ जुलै, रविवार. लातूर

अब्बांच्या तीन वह्या पत्र्याच्या पेटीत, अम्मीच्या निकाहच्या शालूखाली. सगळी पानं मोबाइलवर टिपून घेतली.

अब्बा कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. खानापुरे सर तिथं प्राध्यापक. भूकंपानंतर सरांनी त्यांच्या हातात पोलादी फीत दिली, टोकाला शिशाचं वजन. फितीचा शेवटचा हातभर भाग खडूनं घासायचा, फीत विहिरीत सोडायची, वर ओढायची. खडू जिथवर भिजला ती पाण्याची रेघ. रेघ वाचायची, वहीत लिहायची, पुढच्या गावाला जायचं. सकाळी सहाला निघायचे, दिवस मावळताना परत.

आज चहा पिताना मी म्हणाले, सरांचा लेख आता कंप्युटरवर येतोय. अब्बा खूश झाले. “सरचा? अरे वा. सर म्हणायचे, पाशा, एक बी रविवार चुकला तर सगळं वाया जाईल. न्हाई चुकू दिला.” (घरात आम्ही दखनी बोलतो. शाळा मराठी होती, त्यामुळे वहीत सगळे मराठीच बोलतात.)

मला आठवतं ते वेगळं आहे. २००३. भूकंपाला दहा वर्षं झाली म्हणून कॉलेजच्या सभागृहात सरांचा सत्कार. मी नऊला दोन महिने कमी. सतरंजीवर पुढं बसले होते. अब्बा कडेला उभे, पाण्याचे ग्लास घेऊन. सर पंचवीस मिनिटं बोलले. ‘विहीर’ किती वेळा म्हणतात ते मी बोटांवर मोजत होते — एकोणीस. ‘पाशामियाँ’ — शून्य. शेवटी सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या अब्बांनी वाजवल्या. ग्लासांचा ट्रे खाली ठेवून.

तेव्हापासून मी मोजते आहे.

९ जुलै

बसमध्ये अहमदपूरपर्यंत उभी. लातूरच्या बसस्टँडसमोर ‘खानापुरे फिजिक्स’चा नवा फ्लेक्स पाहिला होता : निवड झालेल्या पोरांचे फोटो टपाल तिकिटाएवढे, मधे सरांचा दाराएवढा. खाली ‘भूकंप-संशोधक’. कॉलेज सोडून अठरा वर्षं झाली त्यांना. क्लासचे चार मजले झाले. विहिरी अजून सोडल्या नाहीत.

१६ जुलै

‘भूवेध’चा तक्ता क्रमांक तीन टाइप केला. जुन्या छपाईतले देवनागरी आकडे यंत्राला नीट वाचता येत नाहीत, १ चा ९ करतं. म्हणून आमच्याकडे तक्ते हातानं भरतात, तेही दोनदा, आणि दोन्ही जुळतात का ते प्रोग्रॅम तपासतो. बारा विहिरी, एकशे चार रविवार. हे काम सुट्टीवरच्या मुलीचं होतं. मी मागून घेतलं.

आधी बोटांना कळलं. ६.३७, ६.४१, ६.३८ असे चालले होते आणि अचानक शेवटचं बोट दोनच कळांवर पडू लागलं. ६.४०. ६.४५. ६.४५. ६.५०. सहा रविवार, बारा विहिरी, बहात्तर आकडे. सगळ्यांच्या शेवटी शून्य किंवा पाच. बाकीच्या तक्त्यात असे आकडे पाचातला एक.

पाणी पाचाच्या पटीत उतरत नाही.

१७ जुलै

वहीचे फोटो उघडले. इतर पानांवर दर रविवारी वेगळी शाई, चिखलाचा अंगठा, कुठं पाण्याचा थेंब पडून पसरलेला आकडा. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९९४ ही पानं स्वच्छ. एकच पेन, एकच तिरपेपणा. एका बैठकीत लिहिलेली.

तारखा पुन्हा वाचल्या.

माझा जन्म १७ नोव्हेंबर १९९४. नांदेडला, दिवस भरायच्या आधीच, सातव्या महिन्यात. वजन एक किलो तीनशे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अम्मी नांदेडच्या पीरबुऱ्हाण मोहल्ल्यात निघाली आणि तशीच सरकारी दवाखान्यात गेली. अब्बा सोबत होते. पुढचा दीड महिना ते लातूरला गेलेच नाहीत, हे घरात सगळे कौतुकानं सांगतात.

म्हणजे बहात्तर आकडे अब्बांनी बनवले. सरांनी एकही रविवार चुकवू नको म्हणून सांगितलं होतं. परत आल्यावर मागचा अंदाज घेऊन, पुढचा अंदाज घेऊन, बसून लिहिले.



२१ जुलै

तपासणी म्हणून शोधपेटीत तक्त्यातल्या बाराही गावांची नावं एकेक करून टाकत होते. चिंचखेड्याला दोन निकाल आले.

एक ‘भूवेध’मधला : ‘विहीर क्रमांक ७, चिंचखेडा, चावडीसमोर.’

दुसरा ‘गावठाण’मधला. ही इथल्या नांदेडच्या एका कॉलेजची समाजशास्त्राची पत्रिका, १९९७ चा अंक, मागच्या महिन्यातच चढवला. पुनर्वसनावरचा लेख. पान एक्केचाळीस : ‘दि. १४ नोव्हेंबर १९९४ रोजी जुन्या चिंचखेड्यातील चावडीसमोरची विहीर पडक्या घरांच्या दगडांनी बुजवण्यात आली. प्रस्तुत लेखक त्या वेळी उपस्थित होता.’ सोबत फोटो. दगडांचा ढीग, भोवती माणसं.

अब्बांची शेवटची खरी नोंद १३ नोव्हेंबरची. दुसऱ्या दिवशी विहीर गेली. तक्त्यात मात्र ती आणखी सहा आठवडे पाणी दाखवते. ६.४०, ६.४५, ६.४५, ६.५०, ६.५०, ६.५५. मग १ जानेवारीला ‘बंद’. वहीत त्या दिवशी ‘वि. ७ बुजली’ असं आहे, शाई वेगळी, अंगठा चिखलाचा. अब्बा त्या रविवारी खरोखर गेले होते. त्यांना वाटलं असेल, नुकतीच बुजवली.

एकवीस वर्षं ही दोन पानं दोन जिल्ह्यांच्या दोन कपाटांत पडून होती. एकमेकांना भेटायचं काही कारण नव्हतं. मी त्यांना एका पेटीत आणलं.

नसलेल्या विहिरीचं पाणी सरांनी मोजलंय. असं छापून आलंय. एकाच नावानं.

२४ जुलै

अब्बांचे खरे आकडे सरांनी घेतले. खोटेही घेतले. खोटे मी परत मागणार नाही.

१ ऑगस्ट, बुधवार

संपादक मंडळाची बैठक. माझ्या दोन सूचना मंजूर झाल्या.

पहिली : जुना लेख चढवताना लेखक हयात असेल तर त्यानं एक अर्ज भरायचा. तीन रकाने. कल्पना कोणाची. मोजमाप कोणी केले. लेखन कोणी केले. अर्ज भरल्यापासून एकवीस दिवस दुरुस्ती करता येईल, नंतर नाही. मुदखेडचे संपादक म्हणाले, “लई बारीक काम करून राहिलात तुम्ही.” मी म्हणाले, बारीकच काम आहे, सर.

दुसरी : तक्रार. मार्चमध्ये एका पत्रिकेवर चोरीची तक्रार आली, कुण्या संस्थाचालकाचा फोन गेला आणि दोन दिवसांत तक्रारदारानं ती मागे घेतली. म्हणून आता तक्रार कोणीही वाचक करू शकेल, त्याचं नाव कुणालाही दिसणार नाही, ती एकाच क्षणी चौदाही संपादकांना जाईल, आणि मागे घेता येणार नाही. तक्रारदारालासुद्धा.

शिवगंगा मॅडमनी चष्मा काढून विचारलं, “आणि कुणी चुकून केली तर, सादिया?”

“चुकून करू नये, मॅडम.”

हसले सगळे. संध्याकाळपर्यंत कोड लिहून झालं. मागे घेण्याच्या बटणाला जागाच ठेवली नाही.

तक्रार खरी ठरली तर लेख काढून टाकत नाहीत. हेच मला आवडतं. लेख राहतो, शीर्षक राहतं, नाव राहतं. वर लाल पट्टी येते : ‘मागे घेतलेला लेख’, खाली कारण. जगात कुठूनही त्या नावाचा शोध घेतला की आधी पट्टी दिसते. कायमची.

१३ ऑगस्ट

बातमी आली. भूकंपाला पंचवीस वर्षं होतात म्हणून ३० सप्टेंबरला लातूरला मोठा कार्यक्रम. कॉलेजांच्या संघातर्फे खानापुरे सरांना जीवनगौरव. मानपत्रात ‘संचिका’वरच्या लेखाचा पत्ता छापायचाय, तेव्हा लेख लवकर चढवा, असं ‘भूवेध’च्या संपादकांचं पत्र.

चढवते की. सावकाश, नियमानं.

२२ ऑगस्ट. लातूर. ईद

दुपारी अम्मीला विचारलं, मी झाले तेव्हा अब्बा नक्की किती दिवस नांदेडला होते. अम्मीचं सुरू झालं — “दीड महिना हलले न्हाईत. तुला कापसात ठेवलं होतं. नर्स म्हणायची, ओ मियाँ, घरी जावा, तुमच्यानं ती मोठी व्हायची न्हाई. तरी खिडकीखाली बसून राहायचे.”

अब्बा म्हणाले, “नक्को ते आता.” आणि उठून हात धुवायला गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी आकड्यांबद्दल काही बोलले नाही. बोलणारही नाही. त्यांच्यापर्यंत हे पोचायचं कारण नाही. ते त्या लेखात कुठंच नाहीत.

पण नंतर तोंडून गेलं. ते सरांच्या सत्काराचं निमंत्रण दाखवत होते. चकचकीत कार्ड, सरांनी स्वतः पाठवलेलं. “बघ, आठवण ठेवली.” मी म्हणाले, आठवण? पंचवीस वर्षांत तुमचं नाव कुठं लिहिलं त्यांनी?

“मी चपराशी मानूस. माझं नाव कशाला लिवतील?”

“तुम्ही एकदा तरी मागितलंत का?”

अब्बांनी कार्ड पुन्हा पाकिटात घातलं. पाकिटाची घडी दोनदा दाबली.

अम्मी आतून म्हणाली, “सणाच्या दिवशी तरी जीभ आवर.”

२३ ऑगस्ट

तसं बोलायला नको होतं. पण खरं होतं.

२७ ऑगस्ट, सोमवार. नांदेड

अर्ज आला. साडेअकराला, खानापुरे क्लासेसच्या ईमेलवरून.

कल्पना कोणाची — डॉ. भीमाशंकर खानापुरे.
मोजमाप कोणी केले — डॉ. भीमाशंकर खानापुरे.
लेखन कोणी केले — डॉ. भीमाशंकर खानापुरे.

खाली खूण : ‘वरील माहिती सत्य असून तिची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.’

तीनदा वाचलं. छापून ठेवलं. मॅडमनी विचारलं, “आज काय विशेष? गुणगुणतेस.” मला माहीतच नव्हतं.

४ सप्टेंबर

क्लासेसचे व्यवस्थापक धोंडप्पा यांचा फोन. “मॅडम, सरचा लेख कवा दिसंल? मानपत्र छापायला गेलंय. अर्ज मीच भरलाय बघा बरोबर, काही राहिलंय का?”

मी म्हणाले, काही राहिलं नाही. सगळं भरलंय.

“तीन-तीनदा एकच नाव लिवायला लावता राव तुम्ही. सरचाच लेख हाय म्हटल्यावर दुसरं कोन मोजंल?”

“बरोबर आहे.”

अर्ज त्यानं भरला हे मी ऐकलं. ऐकून सोडून दिलं. खूण सरांच्या नावापुढं आहे.

७ सप्टेंबर

लेख चढवला. पानावर नाव, खाली तीन रकाने. पहिल्या दिवशी वाचक एकतीस. त्यातली मी एक.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

हिशेब सोपा आहे. समिती पंधरा दिवसांत निर्णय देते. सरांची दुरुस्तीची मुदत १७ ला संपते. नियमाला धरून १७ पर्यंत थांबायला हवं होतं, पण मग निर्णय ऑक्टोबरात जातो. मला तो तीस तारखेच्या आत हवा. हार गळ्यात असताना कुणीतरी मोबाइलवर मानपत्रातला पत्ता उघडावा आणि लाल पट्टी दिसावी. सभागृहात ती कुजबुज मागच्या रांगेपासून पुढं येताना मी पाहणार आहे. सतरंजीवर नाही. खुर्चीवर बसून.

गणपतीमुळे ऑफिस रिकामं. वाचक म्हणून तक्रार भरली. मीही वाचकच.

‘तक्ता ३, विहीर क्र. ७ : २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९९४ या सहा नोंदी. सदर विहीर १४ नोव्हेंबर १९९४ रोजी बुजवण्यात आली होती (पाहा : गावठाण, १९९७, पृ. ४१). याच सहा आठवड्यांतील बाराही विहिरींचे सर्व आकडे शून्य किंवा पाचने संपतात. सर्व बहात्तर नोंदी कल्पित दिसतात. ज्याने मोजमाप केले त्याने खुलासा करावा.’

शेवटचं वाक्य दोनदा बदललं. आधी ‘लेखकाने खुलासा करावा’ होतं. ‘ज्याने मोजमाप केले’ जास्त अचूक वाटलं.

दुपारी दोन वाजून सहा मिनिटांनी पाठवली. चौदा पोचपावत्या. मग खाली जाऊन उसाचा रस प्यायले. बर्फ न घालता.

१७ सप्टेंबर, सोमवार

दुरुस्तीचा अर्ज आला. एकविसावा दिवस. सोबत हातानं लिहिलेलं पत्र स्कॅन करून जोडलंय. जसंच्या तसं उतरवते.

‘संपादक, संचिका, यांस. माझ्या वतीने आमच्या कार्यालयातून भरलेला अर्ज मी पाहिला नव्हता. ती चूक माझी. बाराही विहिरींची सर्व मोजमापे आमच्या विभागातील परिचर श्री. शेख पाशामियाँ यांनी एकट्याने केली. दोन वर्षांत मी त्यांच्यासोबत फक्त चार रविवार गेलो. १९९६ साली त्यांचे नाव द्यावे असे मनात होते. परिचराचे नाव कसे द्यायचे, म्हणून विभागात हसले, आणि मी गप्प बसलो. पुढे दर वर्षी गप्प बसणे सोपे होत गेले.

‘गेल्या आठवड्यात पाशामियाँ क्लासवर आले होते. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितले. म्हणाले, सर, कंप्युटरवर नाव येत असेल तर माझं बी टाका, पोरीला दाखवायचंय. मला मान वर करता आली नाही.

‘कृपया लेखकांत त्यांचे नाव घालावे. नियमात बसत असेल तर माझ्या आधी. मोजमाप या रकान्यात फक्त त्यांचेच. ३० तारखेला मी त्यांना व्यासपीठावर सोबत नेणार आहे. त्यांचा पत्ता खाली देत आहे.’

खाली आमच्या घराचा पत्ता. गल्लीच्या नावासकट बरोबर.

दुरुस्ती मुदतीत आहे, त्यामुळे संकेतस्थळानं ती आपोआप स्वीकारली. मी काही केलं नाही. पान उघडलं तेव्हा नावं बदललेली होती.

शेख पाशामियाँ, भीमाशंकर खानापुरे.

मोजमाप कोणी केले — शेख पाशामियाँ.

१८ सप्टेंबर

मॅडमकडे गेले. विचारलं, तक्रार मागे घेण्याची काही सोय करावी का नियमात. सहज म्हणून.

मॅडम तीच तक्रार वाचत होत्या. “कशाला? ही बघ, सहावीच तक्रार आणि काय पकडलंय. ‘गावठाण’नं ‘भूवेध’ची चूक दाखवली. यासाठीच तर आपण चौदा कपाटं एकत्र केली. ज्यानं कुणी हे शोधलं, त्याला मी पेढा देईन.” मग चष्म्यावरून पाहत — “आणि बटणच नको, असं तूच म्हणाली होतीस ना?”

“हो.”

“मग?”

“काही नाही.”

सांगता आलं असतं. समोर खुर्ची होती, दार लोटलेलं होतं. ते माझे वडील आहेत, ते आकडे माझ्यामुळे आहेत, ती तक्रार माझी आहे — तीन वाक्यं. मी फाईल उचलली आणि जागेवर आले.

कोड पुन्हा वाचलं, पहिल्या ओळीपासून. कुठं फट राहिली असेल म्हणून. नाही राहिली. चांगलं लिहिलंय.

१९ सप्टेंबर

समितीनं तक्रार दखलपात्र ठरवली. खुलासा मागणारं पत्र संकेतस्थळ स्वतःच तयार करतं. तक्रारीत ज्या रकान्याचा उल्लेख असेल त्या रकान्यातलं नाव उचलतं. ‘लेखकाने’ असं ठेवलं असतं तर पत्र दोघांना गेलं असतं. मी अचूक लिहिलं. एकालाच गेलं.

ज्यांचा ईमेल नाही त्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवतात. शिपाई चारला घेऊन गेला. लखोट्यावरचा पत्ता मी ओळखला, तरी वाचला.

२२ सप्टेंबर

अब्बांना फोन लावला. दोनदा. दोन्ही वेळा त्यांनी कार्यक्रमाला कोणता सदरा घालायचा एवढंच विचारलं. पांढरा म्हणाले मी.

२५ सप्टेंबर, मंगळवार

अब्बांचा फोन. “बेटा, तुझ्या हापिसातनं रजिस्टर आलंय. माझ्या नावानं! श्री. शेख पाशामियाँ, असं छापलंय वर. पोस्टमननं सही घेतली. अम्मीनं शेवया टाकल्यात. मी फोडलं न्हाई. रविवारी कार्यक्रमाला निघायच्या आधी तूच फोड, अन् तूच वाचून दाखव सगळ्यांना. येशील ना?”

येते म्हणाले.